क्रोम अपडेट झालं, पण बंद करून उघडलं का?

सीमाभागातल्या वाचकांनी ब्राउझरच्या सुरक्षेबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. बहुतेक पत्रं फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांतून आणि शाळांतून आली आहेत.

प्रश्न : निपाणीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं, मी ते कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडतो. नुसतं चित्र उघडल्याने कॉम्प्युटर दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो असं ऐकलं. चित्र म्हणजे काही प्रोग्राम नव्हे, मग हे कसं?

उत्तर : चित्र प्रोग्राम नसतं हे खरं, पण ते उलगडून पडद्यावर दाखवणारा भाग प्रोग्रामच असतो. वेबपी प्रकारची चित्रं (व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर याच प्रकारचे) उलगडण्याचं काम ‘लिबवेबपी’ नावाचा भाग करतो. तो क्रोम, एज, फायरफॉक्स आणि इतर असंख्य प्रोग्रामांत बसवलेला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये त्यात गंभीर दोष सापडला. त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-2023-4863.

वेबपीच्या लॉसलेस (दर्जा न घटवणाऱ्या) प्रकारात माहिती हफमन पद्धतीने, म्हणजे वारंवार येणाऱ्या गोष्टींना छोटी चिन्हं देऊन, आवळलेली असते. ती मोकळी करायला एक तक्ता लागतो आणि तो कसा बांधायचा हे फाइलच सांगते. लिबवेबपी या तक्त्यासाठी मेमरीत आधीच ठरलेली जागा राखायचं. नियमात बसणाऱ्या फाइलला ती पुरायची. मुद्दाम बिघडवलेल्या फाइलचा तक्ता मात्र त्याहून मोठा व्हायचा, आणि फाइल चुकीची आहे हे कळेपर्यंत राखीव जागेच्या पलीकडे लिहून झालेलं असायचं. बांध ओलांडून शेजारच्या रानात नांगर घालावा तसा हा प्रकार. पलीकडच्या जागेत प्रोग्रामची दुसरी माहिती असते. ती नेमकी हवी तशी बदलता आली, तर पुढे काय चालायचं ते हल्लेखोर ठरवतो. लिबवेबपी ज्या सी भाषेत लिहिलंय, ती अशा वेळी स्वतःहून हद्द तपासत नाही, म्हणून या जातीचे दोष चित्र-व्हिडिओच्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा निघतात. त्याच महिन्यात व्हीपी8 व्हिडिओ तयार करणाऱ्या ‘लिबव्हीपीएक्स’मध्येही असाच दोष निघाला (सीव्हीई-2023-5217). दोन्ही दोषांचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर झाला होता, तोही दुरुस्ती यायच्या आधी.

क्रोम वेब पानाचं काम वेगळ्या, बंदिस्त प्रक्रियेत करतो. त्यामुळे एवढ्या एका दोषावर सगळा कॉम्प्युटर लगेच हाती जात नाही, जोडीला दुसरी फट लागते. पण त्याच्या भरवशावर अपडेट टाळू नका. तुमच्या डेस्कटॉपवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं, उतारे आणि बँक पासबुकांचे स्कॅन पडून असतात.

लिबवेबपीची दुरुस्ती क्रोमच्या 116.0.5845.187 आवृत्तीत आली, लिबव्हीपीएक्सची 117.0.5938.132 मध्ये. फायरफॉक्ससाठी (ईएसआर मालिका सोडून) हेच आकडे 117.0.1 आणि 118.0.1. त्याहून जुना आकडा दिसला तर मशीन आजही उघडं आहे. पण एवढ्यावर थांबू नका, कारण तेव्हापासून आणखी दोष निघालेत. नेहमी ताजीच आवृत्ती हवी.

प्रश्न : आमच्या बेळगावच्या दुकानात क्रोम आपोआप अपडेट होतो. तरी जुनाच आकडा का दिसतो?

उत्तर : अपडेट उतरलेलं असतं, पण क्रोम पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत मेमरीत जुनाच कोड चालू असतो. दुकानात सकाळी उघडलेल्या टॅब रात्री तशाच ठेवून मशीन स्लीपवर टाकायची सवय असते, त्यातून आठवडेच्या आठवडे जातात. वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, आणि डावीकडच्या यादीतली अगदी शेवटची ओळ, क्रोमचं गोल चिन्ह असलेली. मेनू कन्नडमध्ये असला तरी हे चिन्ह आणि जागा तीच. पान उघडताच तपासणी सुरू होते. मग ‘रीलाँच’चं बटण दाबा. अर्धवट भरलेला फॉर्म आधी सेव्ह करा, तो परत येईलच असं नाही.

तपासणीच फसत असेल तर घड्याळ बघा. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं आणि अपडेटही अडतं. रोज हाताने तारीख लावत बसण्यापेक्षा सेल बदला. बहुतेक मशीनला सीआर2032 लागतो. मशीन बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसवा, मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ लावा.

आणखी एक. चॅट आणि मीटिंगचे बरेच प्रोग्राम क्रोमचाच गाभा आत घेऊन येतात. क्रोम अपडेट केल्याने ते सुधारत नाहीत, त्यांचं अपडेट वेगळं करावं लागतं.

प्रश्न : खानापुरात माझ्याकडे विंडोज 7 चं मशीन आहे. क्रोम 109 वरच अडकलाय. प्रिंटर, अंगठ्याचं मशीन सगळं त्यालाच जोडलंय. काय करू?

उत्तर : 109 ही विंडोज 7 आणि 8.1 साठी क्रोमची शेवटची मालिका. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 नंतर बंद झाल्या. म्हणून स्पष्टच सांगतो, लोकांची कागदपत्रं हाताळायला हे मशीन वापरू नये.

आज लगेच करता येण्याजोगं म्हणजे फायरफॉक्स 115 ईएसआर (जास्त काळ फक्त दुरुस्त्या मिळणारी मालिका) टाकणं. विंडोज 7 साठी त्याच्या दुरुस्त्यांची मुदत मोझिलाने वाढवत नेली आहे, पण हा तात्पुरताच आधार आहे. तो टाकण्याआधी मुदत अजून चालू आहे का ते मोझिलाच्या साइटवर बघून घ्या. प्रोसेसर 64-बिटचा आणि रॅम 4 जीबी असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी चालते. आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ (इन्स्टॉल न करता) चालवून प्रिंटर आणि स्कॅनर ओळखतो का ते बघा. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचंच मागतं. तेवढ्या कामाला दुसरं, नवं विंडोज असलेलं मशीन लागेल. जुन्यावर इंटरनेट तोडून नुसतं झेरॉक्स-स्कॅनिंग चालू ठेवता येईल.

प्रश्न : चिकोडीजवळच्या आमच्या मराठी शाळेत फ्लॅशवर चालणारे जुने धडे आहेत. फ्लॅश प्लेअर कुठून घ्यावा?

उत्तर : कुठूनही घेऊ नका. अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 ला त्याचा आधार संपवला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअर स्वतःच मजकूर चालवायला नकार देतो. आज ‘फ्लॅश अपडेट करा’ म्हणणारी खिडकी म्हणजे सापळाच. लॅबमधल्या मशीनवर तो उरला असेल तर काढून टाका. विंडोज 10 मध्ये मुळातूनच आलेला फ्लॅश केबी4577586 या अपडेटने जातो. हाताने टाकलेला मात्र कंट्रोल पॅनेलमधून वेगळा काढावा लागतो. धडे हवेच असतील तर फ्लॅशच्या फाइली चालवणारा ‘रफल’ हा वेगळा प्रोग्राम वापरा. तो रस्ट भाषेत लिहिलेला असल्याने मेमरीच्या हद्दीचे दोष त्यात सहसा येत नाहीत. जुन्या फाइली बऱ्याच चालतात, सगळ्या नाहीत.

प्रश्न : जांबोटी भागात वायफाय नाही, रेंजही कमी. मोबाइलवर काय तपासू?

उत्तर : प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप आपोआप अपडेट करण्याची सोय बहुधा ‘फक्त वायफायवर’ अशी असते. वायफाय नसेल तर अपडेट येतच नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून सेटिंग्जमध्ये नेटवर्कची पसंती ‘कोणत्याही नेटवर्कवर’ करा. डेटा जपायचा असेल तर रेंज मिळेल तिथे क्रोम आणि ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ ही दोनच नावं शोधून अपडेट करा. वेबव्ह्यू विसरू नका, इतर अनेक अ‍ॅप आतली वेब पानं त्याच्यातूनच दाखवतात.

मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात अँड्रॉइड आवृत्तीखाली सुरक्षा पॅचची तारीख बघा. ती ऑक्टोबर 2023 च्या आधीची असेल तर लिबवेबपीची दुरुस्ती फोनच्या स्वतःच्या भागात बहुधा पोहोचलेली नाही, आणि ती फक्त फोन कंपनीच्या सिस्टिम अपडेटमधून येते. असा फोन बँकेच्या व्यवहारांना वापरू नका.