आधी उंचीची नोंद बघा : मुलांच्या आतड्यांच्या दाहाविषयी प्रश्नोत्तरे

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे, म्हणजे आयबीडीचे, दोन मुख्य प्रकार. सुमारे पाव रुग्णांमध्ये हा आजार विशीच्या आतच सुरू होतो. त्याबद्दल पालकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं देतो आहे.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. वर्षभर अधूनमधून पोट दुखतं, भूक मंदावली आहे. जंत, परीक्षेचा ताण असं म्हणून औषधं देऊन झाली. आता शौचाच्या तपासणीत कॅल्प्रोटेक्टिन ९०० आलं आणि डॉक्टर दुर्बिणीची तपासणी करू म्हणतात. एवढ्या लहान मुलाला ती गरजेची आहे का?

उत्तर : आहे, आणि ती लांबवू नका. कॅल्प्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याच्या अस्तराला दाह झाला की या पेशी तिथे जमतात आणि प्रथिन शौचात उतरतं. चार वर्षांवरच्या मुलांत दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आतला आकडा सर्वसाधारण मानतात. परीक्षेच्या ताणाने तो ९०० वर जात नाही. जंतुसंसर्गाने मात्र जाऊ शकतो, म्हणून शौचाचं कल्चर आधी करतात. त्यानंतरही दाह कुठे आहे, किती खोल आहे आणि कशाचा आहे, हे बायोप्सीशिवाय ठरत नाही. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स एकमेकांसारखे दिसतात. क्षयरोग असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर तो उफाळून येतो. ही तपासणी भूल देऊन होते, त्यामुळे मुलाला दुखत नाही. जास्त त्रास होतो तो आदल्या दिवशी पोट साफ करण्याच्या औषधाचा.

तुमच्या पत्रात उंचीबद्दल एक अक्षरही नाही, आणि मला तीच माहिती सर्वांत आधी हवी होती. लसीकरणाचं जुनं कार्ड, शाळेतल्या तपासणीच्या नोंदी, जे सापडेल ते काढा आणि वाढीच्या तक्त्यावर एकेक ठिपका मांडा. निरोगी मुलाची रेष साधारण आपल्याच पट्ट्यातून वर जाते. आठव्या वर्षी पन्नासाव्या पर्सेंटाइलवर (म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत उंचीने मधोमध) असलेला मुलगा अकराव्या वर्षी पंचविसाव्याच्या खाली उतरला असेल, तर आजार वर्षभराचा नाही, त्याहून जुना आहे. क्रोन्समध्ये उंची कधी कधी पोट दुखू लागण्याच्याही आधी खुंटते. कमी खाणं हे त्याचं एकच कारण नाही. दाहातून सुटणारी रसायनं यकृतातल्या आयजीएफ-१ या घटकाची निर्मिती कमी करतात. मग वाढीचं संप्रेरक पुरेसं असूनही हाडं लांबत नाहीत. वयात येण्याची वर्षं संपून हाडांच्या वाढीच्या चकत्या बुजल्या, की राहिलेली उंची भरून काढता येत नाही. मोठ्यांच्या आजारात हा प्रश्नच नसतो. म्हणून मोठ्यांवरचं संशोधन मुलांना जसंच्या तसं लावता येत नाही.

प्रश्न : मुलीला क्रोन्स आहे. आठ आठवडे जेवण पूर्ण बंद आणि फक्त पोषक द्रव, असं सांगितलं आहे. हे औषध म्हणायचं की उपास? स्टेरॉइड सोपं नाही का?

उत्तर : हे औषधच आहे, आणि उपास तर मुळीच नाही, कारण दिवसभराचे सगळे उष्मांक, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं त्या द्रवातून मिळतात. सौम्य ते मध्यम क्रोन्समध्ये मुलांसाठी युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. त्याची मुदत ६ ते ८ आठवडे असते. आजार आटोक्यात आणण्यात तो स्टेरॉइडच्या तोडीस तोड ठरतो, अस्तर भरून यायला अधिक मदत करतो आणि वाढीला हातभार लावतो. स्टेरॉइड वाढ रोखतं. ज्या मुलीची उंची आधीच मागे पडली आहे तिच्यासाठी एवढा फरक पुरेसा आहे.

पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगून ठेवतो. घरात इतरांचं जेवण सुरू असताना तिने ग्लास घेऊन बसायचं, हे सोपं नाही. द्रव थंडगार करून झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने दिला तर वास कमी येतो. अगदीच जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून रात्री झोपेत देता येतो, आणि नळीला होकार देणं म्हणजे हार नव्हे. बहुतेक मुलांना दोन-तीन आठवड्यांत हुशारी वाटू लागते, मग पुढचं निभावतं. सगळं घर तिच्या बाजूने उभं राहिलं तरच हा उपचार पार पडतो.

पूर्ण जेवण बंद न करता काय करता येईल, यावरही काम झालं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ठरावीक पदार्थांचा आहार आणि अर्धा द्रव असा मेळ मुलांना अधिक सोसवला आणि परिणामही चांगला दिसला. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र असा आहार-उपचार चालत नाही.

प्रश्न : आतड्यातले चांगले जिवाणू वाढवले तर आजार जाईल ना? प्रोबायोटिक कोणतं द्यावं? शौचातल्या जिवाणूंची तपासणी करून घेऊ का?

उत्तर : क्रोन्ससाठी प्रोबायोटिकचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्या तपासणीवरही पैसे घालवू नका, कारण तिच्यावरून उपचार ठरत नाही.

या विचारामागचं संशोधन मात्र भक्कम आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या 'रिस्क' या अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या, अजून औषध न घेतलेल्या मुलांच्या आतड्याच्या अस्तरातले जिवाणू तपासले गेले. २०१४ च्या निष्कर्षांत एन्टेरोबॅक्टेरिएसी कुळातले (ई. कोलाय ज्यात येतो ते) जिवाणू वाढलेले आणि क्लॉस्ट्रिडिएल्स गटातले घटलेले आढळले. हा बदल दाहाचं कारण की परिणाम, हा वाद अजून मिटलेला नाही. त्यातही, वर सांगितलेल्या द्रव आहाराने मूल सुधारत असताना जिवाणूंची विविधता कमी झालेली दिसते. 'विविधता वाढवा, आजार पळवा' हे सूत्र इथेच अडखळतं.

प्रश्न : बाळ दोन वर्षांचं आहे. सहाव्या महिन्यापासून रक्ताचे जुलाब आणि गुदद्वाराजवळ गळवं होतात. एवढ्या लहान वयात आयबीडी होतो?

उत्तर : होतो, पण तो वेगळा मानावा लागतो. सहा वर्षांच्या आत, विशेषतः दोन वर्षांच्या आत, सुरू झालेल्या आजारामागे एकाच जनुकातला दोष असण्याची शक्यता बरीच वाढते. २००९ मध्ये इंटरल्यूकिन-१० या दाहशामक रेणूचा संदेश पेशीवर झेलणाऱ्या ग्राहकातला (रिसेप्टरमधला) असा दोष सापडला. अशा काही मुलांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजारातून पूर्ण बाहेर काढता आलं आहे. जनुकीय तपासणी आणि प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांचा सल्ला या महिन्यातच घ्या.

प्रश्न : डॉक्टर थेट इन्फ्लिक्सिमॅब सुरू करू म्हणतात. एवढं मोठं औषध सुरुवातीलाच कशाला?

उत्तर : भीती समजते. इन्फ्लिक्सिमॅब हे दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या रेणूला अडवणारं औषध. पण मोठं औषध शेवटी राखून ठेवायचं, ही समजूत आता टिकत नाही. 'रिस्क' अभ्यासातल्या ९१३ मुलांवरचा २०१७ चा अहवाल सांगतो, की निदानानंतर ९० दिवसांत या गटातलं औषध मिळालेल्या मुलांमध्ये आतड्याला छिद्र किंवा भगेंद्रासारखे मार्ग पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. आतडं आकसणं मात्र त्याने टळलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणजे हे सरसकट सर्वांसाठी नाही. तुमच्या मुलाचा आजार तीव्र असेल किंवा गुदद्वाराजवळ भगेंद्र असेल, तर डॉक्टरांचं बरोबर आहे. सुरू करण्याआधी क्षयरोगाची चाचणी झाली का आणि लसी पूर्ण आहेत का, एवढं नक्की विचारा. उपचार चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळतात, बाकीच्या देता येतात.

प्रश्न : गोवराच्या लसीमुळे मुलीच्या आतड्याला सूज आली असेल का?

उत्तर : नाही. ही शंका पसरवणारा १९९८ चा लेख अवघ्या १२ मुलांवरचा होता. 'लॅन्सेट'ने तो २०१० मध्ये मागे घेतला. स्वतःला दोष देणं थांबवा.

प्रश्न : दुर्बिणीच्या तपासणीवेळी संशोधनासाठी जास्तीचे नमुने मागत आहेत. मुलावर प्रयोग तर होणार नाहीत?

उत्तर : वरच्या उत्तरांतलं बरंच ज्ञान अशाच मुलांच्या नमुन्यांतून आलं आहे. त्यांचा आजार ताजा असतो, औषधांचा परिणाम अजून झालेला नसतो. मी पालक असतो तर होकार दिला असता, पण काही गोष्टी विचारून. नमुने त्याच भुलीत घेणार का, जास्तीचे तुकडे किती, धोका किती वाढतो, नमुने पुढे कुठे जाणार आणि उपचाराला उपयोगी काही सापडलं तर आम्हाला कळवणार का. समजत्या वयाच्या मुलाला त्याच्या शब्दांत सांगून त्याचीही संमती घ्यायला हवी. नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली तरी उपचारात फरक पडणार नाही, हे संमतीपत्रात लिहिलेलं आहे ना, ते सही करण्याआधी वाचा.