मेलबर्नला खाऊ नेताना

ताई, लेकीकडे पहिल्यांदाच जाताय, तेव्हा बॅग भरभरून न्यावीशी वाटणारच. न्या, फक्त एक गोष्ट पक्की धरा: विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहा. मसाला असो, लोणचं असो, सोलं (वाळवलेली कोकमं) असोत. खरं सांगितलंत तर फार तर वस्तू काढून घेतील, दंड नाही. लपवलंत तर मोठा दंड होतो. गोव्याच्या मोपा विमानतळावरून निघणारे बहुतेक नवखे इथेच चुकतात, ‘घरचंच तर आहे’ म्हणून.

घरीच ठेवायचं:
- चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि कुठलंही मांस
- पेढे, बर्फी, दुधाची मिठाई
- ताजी फळं, मग तो मानकुराद आंबा का असेना (जीव तुटतो, कळतं मला)
- पेरायचं बी

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमानकंपन्याच अडवतात.

फेणी चालते. दुकानातली सीलबंद बाटली घ्या, कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. तिथे प्रौढ माणशी सव्वादोन लिटरपर्यंत दारूवर कर नाही. हँडबॅगेत १०० मिलिलिटरच्या वरचं द्रव अडतं, लोणच्याचं तेलसुद्धा.

मसाले कंपनीच्या बंद पाकिटातले घ्या, वर नाव छापलेलं असलं की अधिकाऱ्याला समजावणं सोपं जातं. सगळं खाणं एकाच पिशवीत, बॅगेत अगदी वर ठेवा. वाटेत दुबईला बाहेर पडणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथे तिच्यावर बंदी आहे. बाकी बारकावे पुढच्या खेपेला सांगेन.