आमच्या चर्चचे पाळक रविवारी उपदेश करतात, बाकी आठवडाभर दिसत नाहीत. मंडळीप्रती त्यांची जबाबदारी एवढीच असते का?

नाही. उपदेश हा कामाचा दिसणारा भाग. बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात इस्राएलच्या मेंढपाळांना, म्हणजे लोकांच्या पुढाऱ्यांना, जाब विचारलाय तो वेगळाच: दुर्बळांना बळ दिलं नाही, आजाऱ्यांना बरं केलं नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, भरकटलेल्यांना परत आणलं नाही, हरवलेल्यांना शोधलं नाही. कॅथलिकांकडे तर हे कायद्यातच आहे. 1983च्या कॅनन लॉचं, म्हणजे त्यांच्या चर्चच्या कायद्याचं, 529वं कलम स्थानिक चर्चच्या प्रमुख धर्मगुरूला कुटुंबांच्या भेटी घ्यायला आणि आजाऱ्यांची, विशेषतः मरणाच्या दारातल्यांची, काळजी घ्यायला सांगतं.

आजाऱ्याची भेट दहा-पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नये. आधी विचारून जावं, उभ्या उभ्या न बोलता बसावं, एखादं लहान स्तोत्र वाचावं, थोडक्यात प्रार्थना करावी. बायबलमधलं याकोबाचं पत्र (5:14) मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगतं, औषध बंद करायला नव्हे. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं आजाऱ्याला ऐकवणारा पाळक त्याच्या दुखण्यात भरच घालतो. मयताच्या घरी बहुतेक पाळक त्याच दिवशी पोचतात. राहून जातं ते पुढचं. नातेवाईक परतल्यावर, दीड-दोन महिन्यांनी घर खायला उठतं, तेव्हा कुणी फिरकत नाही. त्या भेटीची तारीख अंत्यविधीच्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.

विश्वासाने सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा गप्पांतून नाही, प्रार्थनेतून फुटते! ‘अमक्या बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करू या’ म्हटलं की सगळ्यांना कळलंच. नाव घ्यायचं तर त्या व्यक्तीला आधी विचारावं. कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेलं कुठल्याही कारणाने उघड करता येत नाही (कलम 983). इतर मंडळ्यांत समुपदेशन करताना पाळकाने पहिल्याच बैठकीत मर्यादा सांगावी: कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर मी गप्प राहणार नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातली ‘आधी एकांतात, मग साक्षीदारांसह’ ही पद्धत भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. अत्याचाराची तक्रार त्या नावाखाली मंडळीतच मिटवणं म्हणजे अपराध्याला आसरा देणं. ती पोलिसांकडेच जायला हवी.

पैशाच्या बाबतीत माझं मत कडक आहे: पाळकाने अर्पणाला हातच लावू नये. उपासना संपल्यावर, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी तिथेच मोजावं, आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि बँक उघडताच रक्कम भरावी. खात्यावर पाळकाची एकट्याची सही चालता कामा नये. ‘आमचे पाळक तसे नाहीत’ हे उत्तर होत नाही, कारण ही व्यवस्था प्रामाणिक माणसालाही संशयापासून वाचवते. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या मंडळीसाठीची मदत नेताना आपला सहकारी तीत याच्यासोबत इतर बंधूही पाठवले ते याचसाठी, ‘कुणी दोष लावू नये’ म्हणून (2 करिंथ 8:20).

तुमच्या पाळकांना बोल लावण्याआधी मात्र कुटुंबं किती आहेत ते पाहा. दोन-तीनशे घरं एका माणसाला झेपत नाहीत. येशूच्या प्रेषितांनाही सगळं झेपलं नाही. विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरबूर झाली तेव्हा त्यांनी सात जण निवडायला लावले (प्रेषितांची कृत्ये 6). तेव्हा मंडळीच्या कमिटीत दोन प्रश्न विचारा: घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची यादी कुणाकडे आहे, आणि गेल्या महिन्यात त्यांच्याकडे कोण जाऊन आलं? यादीच नसेल तर ती करण्यापासून सुरुवात करा. पाळकांना त्यात घ्या, पण सगळी घरं त्यांच्या एकट्याच्या नावावर लिहू नका.