युद्धानंतर इंग्लंडमध्ये सुतारकाम-रंगकाम घरच्या घरी करण्याचं जे वेड आलं होतं, ते ओसरलं कसं? लोक आळशी झाले का?

आळशीपणाचं आधी सांगतो: नाही. ज्या पिढीने हे सगळं केलं ती काही हौस म्हणून करवत घेऊन बसली नव्हती. आधी नड होती, हौस मागाहून आली.

युद्ध १९४५ ला संपलं, टंचाई संपली नाही. बॉम्बने पडलेली घरं, वर्षानुवर्षं रंगाचा हात न लागलेल्या भिंती, आणि लाकूड मात्र परवान्यावर. १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कुटुंबांच्या घरात आंघोळीचा बसवलेला टबसुद्धा नव्हता. बांधकामाच्या परवान्यांची कटकट १९५४ मध्ये सुटली आणि सामान मोकळं झालं. पण हाताला काम सगळ्यांनाच होतं, त्यामुळे कारागीर मिळेना आणि मिळाला तर परवडेना. हप्त्यांवर घर घेतलेल्या कारकुनाने करायचं काय? शनिवारी शर्टाच्या बाह्या वर करायच्या.

आठवणी काढणारे एक गोष्ट विसरतात: त्या काळचं नवं सामानच शिकाऊ हाताला सांभाळून घेणारं होतं. तेलरंग ब्रशने एकसारखा लावायला कसब लागतं. इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) आणि रोलर असला की कोणीही भिंत रंगवू शकतो. गिलावा सरळ रेषेत ओढणं हे गवंड्याचं काम, पण पॉलीफिला पाण्यात कालवून भेगेत दाबायला काही लागत नाही. हार्डबोर्ड (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला पातळ फळा), फॉर्मायका (आपण सरसकट सनमायका म्हणतो ते), फॅब्लॉन नावाचा चिकटवायचा प्लास्टिकचा कागद, सगळं त्याच जातीचं. वर ब्लॅक अँड डेकरची विजेवर चालणारी ड्रिल, जिला करवतीचं पातं, घासायची चकती, अगदी लेथसुद्धा जोडता यायचा. 'प्रॅक्टिकल हाउसहोल्डर' मासिक १९५५ चं, 'डू इट युवरसेल्फ' १९५७ चं. म्हणजे परवाने उठले आणि लगोलग मासिकं आली.

टीव्हीवर या सगळ्याचा गुरू होता बॅरी बकनेल. बीबीसीने १९६२ मध्ये लंडनच्या ईलिंग भागात एक मोडकळीला आलेलं जुनं घर विकत घेतलं आणि बकनेलने ते ३९ आठवडे प्रेक्षकांसमोर दुरुस्त केलं. त्याच्या कार्यक्रमांत थेट प्रक्षेपण चालू असताना कधी काही फसायचं, आणि लोकांना तेच आवडायचं.

पण त्याच्या शिकवणीचं फळ मी स्वतःच्या हाताने उपटलंय. माझं इथलं, इंग्लंडमधलं घर १९३० च्या दशकातलं. सगळी दारं गुळगुळीत, सपाट, कपाटासारखी. एका दाराच्या कडेचा रंग पातीने कापून पाहिलं तर खाली हार्डबोर्ड, आणि काठाने वीतभर अंतराअंतरावर बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे. पकडीने एकेक उपटली. हार्डबोर्ड सुटला तेव्हा आत धडधाकट दिलहेदार (चौकटीत फळ्या बसवलेलं) दार निघालं, आणि हार्डबोर्डच्या आतल्या बाजूला पेन्सिलने इंचांतली मापं, त्यातलं एक खोडून दुरुस्त केलेलं. जिन्याच्या कठड्यालाही तसंच खोकं ठोकलेलं होतं. त्या पिढीला नक्षी म्हणजे धूळ बसायची जागा वाटायची. पुढच्या पिढीने तेच हार्डबोर्ड काढून 'मूळचं सौंदर्य' शोधलं, आणि त्यासाठीही पुन्हा शनिवार-रविवारच खर्ची घातले!

बकनेलला मात्र फक्त हार्डबोर्डवरून जोखू नये. त्याने होड्यांचे आराखडे करणाऱ्या जॅक होल्टबरोबर 'मिरर' नावाची शिडाची छोटी होडी तयार केली. किटमधले प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना टाके घालून जोडायचे, मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. नावाड्याच्या घराण्यात जन्मायची गरज नाही. अशा ७०,००० हून जास्त होड्या झाल्या, कित्येक लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बांधल्या. मला विचाराल तर या अख्ख्या वेडातलं सर्वात सुंदर काम ते.

आता ओसरलं कसं? एका दिवसात नाही. घरकामाचं सामान विकणाऱ्या बी अँड क्यूचं पहिलं दुकान १९६९ मध्ये साउथॅम्प्टनला निघालं आणि पुढे बराच काळ या धंद्याची भरभराटच होती. पण हिशेब आतून बदलत होता. १९८७ मध्ये वॉरिंग्टनला आयकिया हे फर्निचरचं दुकान आलं, तेव्हापासून कपाट बनवायला लागणाऱ्या लाकडापेक्षा तयार कपाट स्वस्त पडायला लागलं. जोडणं राहिलं, बनवणं गेलं. १९९४ च्या नियमांआधी इथे विजेच्या बहुतेक वस्तू प्लगशिवाय विकल्या जायच्या. इस्त्री घरी आणली की वायरची टोकं सोलून तीन पिनांचा प्लग आपणच बसवायचा. ते बंद झालं आणि घराघरातला सर्वात साधा धडा गेला. गॅसच्या कामाला नोंदणीकृत माणूसच हवा झाला, २००५ पासून घरातल्या वायरिंगलाही नियम लागले. २००४ नंतर पूर्व युरोपातून कसबी कारागीर आले, तेही वेळेवर येणारे. शिवाय नवराबायको दोघं नोकरीला, आणि तरुणांपैकी कितीतरी भाड्याच्या घरात. तिथे खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं. याच सामानाच्या दुकानांची होमबेससारखी मोठी साखळी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे हे वेड त्या प्रमाणात का आलं नाही, याचं उत्तरही त्याच हिशेबात आहे. पुण्यात सुतार रोजावर मिळायचा. सत्तरच्या दशकात इथे आलेले एक काका सांगतात, 'तिकडे कधी स्क्रू पिळला नव्हता, इकडे पहिल्या हिवाळ्यात वॉलपेपर लावायला शिकलो, कारण रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून हिने मला शिडीवरच चढवलं.'

आणि तो काळ फार गोड करून सांगू नये. अॅस्बेस्टॉसचे बोर्ड लोकांनी स्वयंपाकघरात बसून करवतीने कापले, शिसं असलेला रंग घासून काढला, छताला आगीत वितळून गळणाऱ्या पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोलच्या) फरशा चिकटवल्या. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं.

तुम्ही इथे राहत असाल आणि हात शिवशिवत असतील, तर कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजाराला) जा. शेफील्डच्या जुन्या पटाश्या आणि रंधे अजून कवडीमोलाने मिळतात, पोलाद आजच्याहून सरस असतं. छताला जुना आर्टेक्स (खडबडीत नक्षीचा लेप) असेल तर भोक पाडण्याआधी नमुना तपासून घ्या, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या आर्टेक्समध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि पन्नासच्या दशकातली धातूच्या अंगाची ड्रिल कितीही देखणी दिसली तरी इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय प्लगला लावू नका.