सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंडकोषांमागे दुखतं. लग्नानंतर अडचण येईल का?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यासाठी हे लिहितोय: ‘डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे, लग्न झालं की थांबेल.’ दीड वर्षं अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधे दुखतंय, बसलं की वाढतं, वीर्यपतनानंतर दोन दिवस ठणकतं, अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले, आणि वर हा सल्ला! लग्नाने हे दुखणं थांबत नाही. उलट त्या भरवशावर राहिलेला माणूस पहिल्याच आठवड्यात खचतो.

माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, पेल्विक फ्लोअर. दुखऱ्या जागेभोवतीचे स्नायू आवळून धरणं हा शरीराचा स्वभावच. महिनोन्‌महिने आवळून राहिले की तेच दुखू लागतात, आणि ती कळ शिश्नाच्या टोकाला, अंडकोषात, जांघेत जाणवते. म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही. वीर्यपतनाच्या वेळी हेच स्नायू सेकंदाहून कमी अंतराने झटके देत आकुंचन पावतात. आधीच आखडलेला स्नायू त्यानंतर सैल पडत नाही, तोच तुमचा दोन दिवसांचा ठणका.

ताठरतेचं गणितही इथलंच. दुखेल या भीतीने अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, शिश्नातल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त भरत नाही. काहीजण दुखायच्या आत उरकायला बघतात आणि शीघ्रपतनाची सवय लागते. पहाटे ताठरता येत असेल तर नसा आणि रक्तपुरवठा बहुधा शाबूत आहे.

आता अँटिबायोटिक. दीर्घकाळच्या अशा दुखण्यात ९० टक्क्यांहून जास्त पुरुषांत जंतू सापडतच नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत १९६ पुरुषांना सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक), टॅमसुलोसिन (लघवीचा मार्ग सैल करणारं औषध), दोन्ही किंवा नुसती नकली गोळी दिली. फायद्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तरीही वीर्याच्या रिपोर्टवर ‘पस सेल्स (पू-पेशी) ८-१०’ दिसलं की पाचवा कोर्स लिहिला जातो. पू-पेशी ओळखू देणारा पेरॉक्सिडेज रंग न वापरता पाहिलं तर शुक्राणूंच्या अपक्व पेशीही पस सेल्ससारख्याच दिसतात, आणि कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) उगवलेले जंतू बऱ्याचदा कातडीवरचे असतात. प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) मसाजआधीची आणि नंतरची लघवी वेगवेगळी तपासल्याशिवाय पुढचा कोर्स घेऊ नका. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांनी टाचेमागची स्नायूला हाडाशी जोडणारी शीर (टेंडन) तुटू शकते, हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

व्हिडिओ बघून केगल (हेच स्नायू आवळायचा व्यायाम) करत असाल तर आजच थांबवा. आखडलेल्या स्नायूला आणखी आवळायला शिकवून काय मिळणार? उताणे झोपा, गुडघे दुमडून खाली उशा घ्या. नाकाने चार सेकंद श्वास घ्या, पोट वर येऊ द्या आणि लघवी सुरू होताना जसं सैल पडतं तसं खाली सोडा. जोर लावायचा नाही, इथेच बहुतेकजण चुकतात. सहा सेकंदांत श्वास सोडा. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. मग टाचांखाली घडी घालून मालासन, एक मिनिट, तीनदा. दर अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठा, सायकल बंद. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर तोच वापरा; उकिडवं बसल्यावर कमी कुंथावं लागतं. पेल्विक फ्लोअर शिकलेला फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून गुदद्वारातून आखडलेली जागा शोधतो आणि दाबून सोडवतो. संकोच वाटेल, पण तपासणी आणि उपचार दोन्ही त्यातच होतात. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात.

‘वीर्य वाचवलं की बरं वाटेल’ यात तथ्य नाही. पूर्ण बंद करू नका, अंतर ठेवा, नंतर पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसा.

आणि हो, मन यात नसतंच असंही नाही. चिंता आणि नैराश्य वेदना खरोखर वाढवतात, समुपदेशनाने ती कमीही होते. त्यावरून दुखणं खोटं ठरत नाही. लक्षणं नवी असताना अँटिबायोटिकचा एक पूर्ण कोर्स देणंही चूक नाही. माझा राग दुसऱ्या-तिसऱ्या कोर्सवर आहे. ताप, लघवीत किंवा वीर्यात रक्त, अंडकोषात गाठ असेल तर हे सगळं बाजूला ठेवून युरॉलॉजिस्ट गाठा. अंडकोष अचानक असह्य दुखू लागला तर पीळ पडलेला असू शकतो, हातात सहाएक तासच असतात.

लग्नाला चार महिने आहेत. एनआयएच-सीपीएसआय ही अशा दुखण्याचा त्रास मोजणारी ४३ गुणांची प्रश्नावली आज भरा, सहा आठवड्यांनी पुन्हा भरा. सहा गुण उतरले तर सुधारणा खरी धरा. होणाऱ्या बायकोला तारखेआधी एवढं सांगा की स्नायूंचं दुखणं आहे, उपचार चालू आहेत, कधी मधेच थांबावं लागेल.