‘उक्पिक वॉल्ट्झ’मधला ‘पिक’ कोणता?

एका वाचकाने विचारलं आहे: ‘उकपिक वॉल्ट्झ’ नावाची कॅनडातली पारंपरिक फिडलधून (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) ऐकली, या नावातला ‘पिक’ म्हणजे आपला कोकीळवाचक ‘पिक’च का?

नावात पक्षी आहे खरा, पण कोकीळ नव्हे, घुबड. ‘उक्पिक’ हा कॅनडाच्या उत्तरेकडच्या मूळनिवासी इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेतला शब्द. अर्थ हिमघुबड, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचं पांढरं घुबड. ही भाषा संस्कृतच्या कुळातली नाही, तेव्हा ‘पिक’शी जुळणारं हे रूप केवळ योगायोगाचं. (‘उलूक’शीही त्याचं नातं नाही.) मराठीत मी ‘उक्पिक’ लिहीन. शब्दाची फोड उक्-पिक अशी आहे आणि आपल्या जोडाक्षरात ती नेमकी दिसते. हा ‘क्प’ नीट न ऐकल्यामुळेच बहुधा काही वादक या धुनेला ‘उटपिक वॉल्ट्झ’ म्हणतात.

कॅनडाभर हा शब्द पोचवला एका बाहुलीने. क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागात फोर्ट चिमो (आताचं कुजुआक) इथल्या इनुइट सहकारी संस्थेत सीलच्या कातड्याचं मोठ्या डोळ्यांचं घुबड बनत असे. 1963 साली फिलाडेल्फियाच्या व्यापारी प्रदर्शनात ते मांडलं गेलं आणि बघता बघता देशाचं लाडकं चिन्ह झालं.

‘वॉल्ट्झ’ हा नृत्यप्रकार मात्र युरोपातून आलेला. जर्मन ‘वाल्त्सेन’ म्हणजे गोल फिरणं, गिरक्या घेणं. ठेका तीन मात्रांचा.

आता प्रश्नातला ‘पारंपरिक’ हा शब्द. तो मला खटकतो, कारण या धुनेचा कर्ता माहीत आहे: ब्रिटिश कोलंबियाचे फिडलवादक फ्रँकी रॉजर्स. धूनही जुनी नाही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. पण फिडलची चाल एकाकडून दुसऱ्याकडे कानानेच जाते, आणि त्या प्रवासात नाव गळून पडतं. आपल्याकडे भारूड गावोगाव पोचलं, तरी ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा शब्दांतच गुंफलेली असल्याने नाथ त्याच्याबरोबर गेले. शब्दच नसलेल्या धुनेत नाममुद्रा कुठे ठेवणार?

म्हणून ‘पारंपरिक धून’ऐवजी ‘परंपरेच्या वळणाची धून’ म्हणावं. ‘पारंपरिक’ म्हटलं की कर्ता अज्ञात असल्याचं आपण गृहीत धरतो. ‘परंपरेच्या वळणाची, फ्रँकी रॉजर्स यांची’ असं मात्र सहज लिहिता येतं.