लेणं म्हणजे डोंगराचा दागिना?

कोथरूडहून एका ताईंनी विचारलं आहे. मुलाची सहल पाताळेश्वरला गेली होती. परत आल्यावर निबंधात त्याने लिहिलं, ‘लेणी म्हणजे डोंगराने घातलेले दागिने.’ बाईंनी शेजारी ‘छान’ असा शेरा दिला. त्यावरून घरात चर्चासत्र सुरू झालं. सासरे म्हणाले, दागिने वगैरे काही नाही, ती ध्यानाची ऊर्जाकेंद्रं होती, तसा मेसेजच आलाय. नणंदेच्या मते पांडवांनी एका रात्रीत कोरली. ताईंचे प्रश्न साधे आहेत: अंगावरचं लेणं आणि दगडातलं लेणं हा एकच शब्द का? ती कशासाठी कोरली हे शब्दावरून काही कळतं का? आणि ‘ही लेणी आहे’ म्हणायचं की ‘आहेत’?

निबंधाला ‘छान’ मिळालं ते योग्यच आहे. व्युत्पत्तीला मात्र मी तो शेरा देणार नाही. हे दोन शब्द वेगळे आहेत, फक्त वाटेत भेटून एकसारखे दिसायला लागले.

अंगावरचं लेणं ‘लेणे’ या क्रियापदापासून आलं. लेणे म्हणजे अंगावर घालणे. काजळ ल्यायचं, चोळी ल्यायची, नथ लेऊन मिरवायचं. ल्यायची वस्तू ती लेणं. म्हणून मंगळसूत्र सौभाग्याचं लेणं. दगडातल्या लेण्याचं कूळ निराळं. संस्कृतात ‘लयन’, प्राकृतात ‘लेण’, मराठीत ‘लेणे’. मधल्या ‘अय’चा ‘ए’ होणं ही आपल्याकडची नेहमीची चाल आहे: नगरचं नयर झालं आणि नयरचं नेर, तेव्हा कुठे संगमनेर आणि पारनेर उभे राहिले. ‘लयन’मधला धातू ‘ली’, म्हणजे बिलगणे, विसावणे, दडणे. लीन, तल्लीन, विलय, निलय, आलय ही सगळी त्याच घरची माणसं. त्या हिशेबाने हिमालय, ग्रंथालय, शौचालय आणि वेरूळचं लेणं हे एकमेकांचे चुलतभाऊ लागतात.

फुलांची माळ आणि उजाड माळ हे शब्द कानाला एकच वाटतात, म्हणून माळरानाला कुणी पृथ्वीच्या गळ्यातली माळ म्हटलं तर कविता होईल, व्युत्पत्ती होणार नाही. लेण्याचंही तसंच. शिवाय दागिन्याची कल्पना खुद्द पुण्यातच अडखळते. पाताळेश्वराला डोंगर आहे कुठे? जुन्या भांबुर्ड्याच्या सपाट जमिनीत खाली कातळ खोदत गेले आहेत. जंगली महाराज रस्त्यावरून आत शिरून पायऱ्या उतरलात की हॉर्नचा आवाज मागे राहतो आणि समोर त्याच कातळातून काढलेला, छत्रीसारखा गोल नंदीमंडप उभा असतो. हा दागिना असेल तर तो ट्रंकेत तळाशी ठेवलेला म्हणावा लागेल.

आता दुसरा प्रश्न. शब्दावरून कळतं का? बरंच कळतं.

पालीत ‘लेण’ म्हणजे नुसती गुहा नव्हे, आसऱ्याची जागा. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, भिक्खूंना पाच प्रकारची लेणी वापरायची मुभा दिली आहे: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे गुहा ही पाचातली शेवटची, आणि माडीचं घरसुद्धा लेणच. निर्वाणाला जी विशेषणं लावली आहेत त्यातही ‘लेण’ आहे, ‘ताण’ म्हणजे त्राण आणि ‘सरण’ म्हणजे शरण यांच्या पंगतीत. आपण ‘लेणं’ म्हटलं की डोळ्यांपुढे कोरीवकाम येतं. हा शब्द ज्यांच्या रोजच्या तोंडी होता त्यांच्यापुढे डोक्यावरचं छप्पर येत असणार.

कसलं छप्पर, कशापासून? आधी पावसापासून. बिहारमधल्या नागार्जुनी टेकडीवर अशोकाचा नातू दशरथ याने आजीविक पंथाच्या साधूंना गुहा दिल्या, तिथल्या कोरीव लेखात त्या कशासाठी हेच लिहिलंय: ‘वाषनिषिदियाये’. पावसाळी मुक्कामासाठी, असा त्याचा अर्थ लावतात. (तिथे लेण नाही, ‘कुभा’ हा शब्द आहे. मगधाची बोली वेगळी.) चार महिने गावोगाव फिरू नये, एका जागी राहावं, हा श्रमणांचा, म्हणजे भटक्या संन्याशांचा नियम. जुलैत जो मावळात गेला आहे त्याला या नियमाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

पण ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो लेख नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात तिथे सांगतो की हे लेणं त्याने संघाला दिलं आणि वर तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. ठेव कुठे? गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या श्रेणींत, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांत. दोन हजार एका श्रेणीत दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीत शेकडा पाऊण व्याजाने. मुदलाला हात लावायचा नाही. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळी मुक्काम करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवराचे, म्हणजे वस्त्राचे पैसे द्यायचे, प्रत्येकी बारा. ‘बारसक’ असा शब्द आहे, त्यातला ‘बार’ म्हणजे आपला बाराच. करा हिशेब. महिना शेकडा एक म्हणजे वर्षाला शेकडा बारा. दोन हजारांवर दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा, दोनशे चाळीस. पैचा फरक नाही. हा हिशेब भिंतीवर पहिल्यांदा जुळला तेव्हा सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या पतपेढीच्या वहीत डोकावल्यासारखं वाटलं होतं मला.

या एका लेखामुळे ‘लेणी कशासाठी’ या वादातली दोन मोठी मतं एकाच ओळीत येऊन बसतात. एक मत म्हणतं पावसाळी निवारा, आणि लेख सांगतो वीस जणांचा वर्षावास. दुसरं मत म्हणतं व्यापार, आणि तेही लेखात व्याजाच्या दरासकट आहे. व्यापाराची बाजू पुण्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी जोरात मांडली. नुसती ग्रंथालयात बसून नव्हे. हा गणिती माणूस मावळातली खेडी पायी तुडवत असे. घाटवाटा, तांडे उतरण्याच्या जागा आणि लेणी एकाच माळेत (ही फुलांची) येतात, हे त्यांनी दाखवलं. त्याही आधी, वाटांच्या तिठ्यांवर देवीची ठाणी होती आणि लेणी त्यांच्या शेजाराने आली, असा त्यांचा तर्क. कार्ल्याला चैत्याच्या, म्हणजे स्तूप असलेल्या लेण्याच्या दाराशीच एकवीरा आहे हे पाहिलं की तर्क खोटा वाटत नाही. कार्ल्याच्या लेखात या मुलखाचं नाव ‘मामाल’ असं येतं. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसं मामालचं मावळ.

माझं मत विचाराल तर ‘निवारा की व्यापार’ हा वादच जरा खोटा आहे. देणाऱ्यांनी काय दिलं ते स्वतः लिहून ठेवलंय, आणि तेही वेगवेगळ्या नावांनी. राहायचं ते लेण. स्तूप असलेलं ते चेतियघर. जेवायचं ते भोजनमटप. पाण्याचं टाकं ती पोढी. दान ते ‘देयधम’. भाज्याला एका महारठीने, कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने, नुसती पोढी दिली आहे. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दोन दिल्या: ‘बे पोढियो’. हे ‘बे’ ओळखलंत ना? बे एके बे, बे दुणे चार. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या कातळात कोरलेला आकडा आपल्या पाढ्यात अजून जसाच्या तसा आहे. लेण्याद्रीचं चेतियघर कुणी दिलं? कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाने, सुलसदत्ताने. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. म्हणजे ज्याच्या घरी दागिने घडत असतील, त्यानेसुद्धा दिलेल्या वस्तूला दागिना म्हटलेलं नाही. आणि देहूरोडजवळच्या शेलारवाडीचं लेणं धेनुकाकट गावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने, सिअगुतणिकेने दिलं. सगळेच देणारे काही सावकार नव्हते.

कार्ल्याच्या चैत्याला मात्र देणाऱ्याने लेण म्हटलेलं नाही. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा शेठ भूतपाल लिहितो: हे ‘सेलघर’ म्हणजे शैलगृह पुरं झालं, ‘जंबुदिपम्हि उतम’, जंबुद्वीपात उत्तम. पुणे जिल्ह्यात दारावर ठसठशीत पाटी लावायची परंपरा किती जुनी आहे बघा. पाहुणा बनवासीचा होता, पण इथलं पाणी लागलं असावं.

मग राहायची जागा नसलेल्या ठिकाणांनाही लेणं कसं म्हणू लागले? तिथे शब्दाने घर बदललं. भिक्खू गेले, छपराचा अर्थ मागे पडला आणि ‘कातळात कोरलेलं ते लेणं’ एवढंच उरलं. त्यामुळे आठव्या शतकाच्या सुमाराचं, अर्धवट राहिलेलं, शंकराचं पाताळेश्वर हेही लेणंच, आणि वेरूळचं कैलास, जे खरं तर डोंगर फोडून मोकळं उभं केलेलं देऊळ आहे, तेही लेणंच. उलट लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, जिथे तीन बाजूंना भिक्खूंच्या कोठड्या आहेत, तिथे आता गिरिजात्मज गणपती आहे आणि आपण त्याला देऊळ म्हणतो. शब्द आणि जागा यांनी आपापसांत खोल्या बदलल्या. श्रीलंकेत हे झालं नाही. तिथल्या जुन्या ब्राह्मी लिपीतल्या लेखांत ‘लेणे सगस’, संघाचं लेणं, असे मोजके दोन शब्द ओळीने भेटतात, आणि आजच्या सिंहलीतही गुहेला ‘लेन’च म्हणतात. कोलंबोचा पाहुणा जुन्नरला आला तर एसटीच्या पाटीवरचा अर्धा शब्द त्याला न सांगता कळेल.

सासऱ्यांची ऊर्जाकेंद्रं: लेण्यात बसून ध्यान होत असणार, नाही कोण म्हणतं? पण देणाऱ्यांनी जेवणघर, पाणी, कपड्याचे पैसे आणि व्याजाचा दर लिहिला. ऊर्जेचा उल्लेख कुणी केला नाही. नणंदेचे पांडव जास्त आवडले मला. एवढं मोठं काम माणसाचं नसणार, म्हणून भीमाचं. आणि लेख वाचता येईनासा झाला होता, म्हणून नाव आपल्याला ठेवावं लागलं. ब्राह्मी विसरली नसती तर पांडवलेणी हे नाव पडलंच नसतं.

उरला व्याकरणाचा प्रश्न. लेणं नपुंसकलिंगी: ते लेणं, ती लेणी. ‘लेणी’ हे अनेकवचन आहे, गोणी-वेणीसारखं स्त्रीलिंगी एकवचन नव्हे. म्हणून ‘भाज्याची लेणी पाहिली’ बरोबर, ‘भाज्याची लेणी सुंदर आहे’ चूक. हल्ली पर्यटनाच्या रील्समध्ये ही चूक इतकी ऐकू येते की आणखी वीस वर्षांनी तीच बरोबर ठरेल, पण आजच नको. जाता जाता लेण्याद्रीचंही सांगतो. संधीच्या नियमाने लेणी अधिक अद्रि म्हणजे ‘लेण्यद्रि’ व्हायला हवं. लोकांनी सह्याद्रीच्या चालीवर ‘लेण्याद्री’ केलं, आणि पायऱ्या चढताना तोंडात तेच बसतं.

तेव्हा ताई, चिरंजीवांचं दागिन्यांचं वाक्य वहीत राहू द्या, ते त्याचं आहे. फक्त पुढच्या ओळीत ‘ही लेणी खूप जुनी आहे’ असं लिहिलं असेल, तर तिथे ‘आहेत’ करून घ्या.